ठराव क्रमांक सतरा आणि गुप्त्यांचं हृदय

हृदयाचा ठोका कधी चुकेल हे कुणालाच ठरवता येत नाही. तो चुकल्यावर मदतीने कोणत्या लिफ्टने यायचं, हे मात्र ठरवता येतं. गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीने ते एकमताने ठरवलं होतं.

त्याचं असं झालं, की सोसायटीने एक रोबो आणला आणि रहिवाशांच्या मनगटांवर पट्टे बांधले. ठोक्यांची लय बिघडली की कृत्रिम बुद्धिमत्तेला ते शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर कळतं (उरलेल्या तीन वेळा रहिवासी पार्किंगवरून भांडत असतो). मग रोबो औषधं घेऊन, आपला रस्ता आपणच शोधत, रुग्णाच्या दारात हजर.

प्रश्न एवढाच निघाला, की रोबो हा रहिवासी की नोकर? केंद्र सरकारातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेल्या दीनानाथ गुप्त्यांनी टिपण लिहिलं: रोबो काम करतो, अर्थात तो रहिवासी नव्हे, सबब त्याने सर्व्हिस लिफ्टच वापरावी. हाच ठराव क्रमांक सतरा. (सर्व्हिस लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. पण ठराव लिफ्ट वापरण्याविषयी होता, ती चालू असण्याविषयी नव्हता.) अंमलबजावणी म्हणून रोबोच्या नकाशात मुख्य लिफ्टच्या जागी भिंत दाखवण्यात आली.

मंगळवारी सकाळी अकराला चौदाव्या मजल्यावर खुद्द गुप्त्यांची लय बिघडली. रोबो चार सेकंदांत निघाला आणि भिंतीसमोर थांबला. भिंत उघडली. आतून मीनाक्षी खन्ना आणि त्यांचा लॅब्रेडॉर बाहेर आले (कुत्रे कुटुंबात मोडतात, ठराव क्रमांक नऊ). रोबोने त्यांना वाट दिली. भिंत मिटली. तरीही ती भिंतच आहे, या मतावर तो ठाम राहिला. एवढी निष्ठा पूर्वी फक्त सरकारी नोकरीत दिसायची.

वर गुप्त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाताईंनी कमिटीचा सेक्रेटरी अविनाश याला फोन लावला.

“काकू, मी समजू शकतो,” तो म्हणाला. “पण यार, आज रोबोला मुख्य लिफ्टमध्ये घेतलं तर उद्या कामवाल्या बायका विचारतील, आम्ही का नाही?”

“अरे, काका घामाने निथळतायत.”

“मग त्यांनाच विचारा ना. ड्राफ्ट त्यांचाच आहे.”

त्यांनी विचारलं. गुप्ते छातीवर हात ठेवून म्हणाले, “अविनाश बरोबर बोलतोय. प्रोसिजर मोडू नकोस. मीच खाली जातो.”

त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणारी लता नुकतीच चौदा मजले चढून आली होती. तिने दोघा नवराबायकोंना धरून मुख्य लिफ्टमध्ये पोचवलं आणि स्वतः जिन्याने धावत उतरली. खाली रोबोने तपासणी केली, गोळी दिली, अँब्युलन्स बोलावली आणि सल्ला दिला, की रुग्णाला मजल्यावरून हलवायला नको होतं. लताच्या छातीतली धडधड त्याला कळली नाही. पट्टे फक्त रहिवाशांना आहेत.

गुप्ते वाचले. हॉस्पिटलातूनच त्यांनी ठरावाला दुरुस्ती पाठवली: रहिवाशांनी ठोका चुकण्यापूर्वी तळमजल्यावर हजर राहावे. टाळ्यांच्या गजरात मंजूर.

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. तुमच्या सोसायटीत असं काही होणार नाही, हे मलाही मान्य. तुमच्याकडे रोबो अजून आलेला नाही. जिन्याने फक्त माणसंच चढतात.