पगारेबाईंचा लॅम्पवाला

पगारेबाई कुठल्याही जिन्यापाशी आल्या की थांबतात. दम लागतो म्हणून नाही. वर बघतात, डोळे बारीक करतात, ओठातल्या ओठात काहीतरी मोजतात आणि निकाल देतात. एका बुद्धपौर्णिमेला मी त्यांच्याबरोबर त्रिरश्मी लेण्यांवर गेले होते. मागे ही गर्दी, आणि बाईंनी पहिल्याच पायरीशी माझा दंड धरला.

"सुरेखा, इथून त्या कठड्यापर्यंत तीन उड्या. चौथीला माणूस खाली पडणार. तिथं दिवा धरणारा पाहिजे."

मागच्या गृहस्थांनी काळजीनं विचारलं, "मावशी, चक्कर येतेय का?"

"मला नाही येत," बाई म्हणाल्या, "पण ह्या पायऱ्या ज्यानं केल्या त्यानं लय विचार केलाय."

आम्ही दोघी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या आणि हुद्द्यानंही वरच्या. बाहेरून आलेला माल उतरवून घ्यायचा आणि कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. "माल बघितल्याशिवाय सही नाही" हे वाक्य त्या दिवसातून वीस वेळा म्हणत. एकदा आमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा चुकून स्टोअरच्या दारात उतरला. बाईंनी तोही फोडला, एक पत्रिका उघडून वाचली आणि तशाच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. लग्नाचा वार आणि तारीख एकमेकांशी जुळत नव्हते. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मात्र एवढंच म्हणाल्या, "परत पाठवते."

अशा बाईंच्या घरी व्हिडिओ गेम होता.

तो आला कसा, ते मला माहीत होतं. चौऱ्याण्णव साली कंपनीच्या स्नेहसंमेलनात हौजी झाली. मला प्रेशर कुकर लागला आणि बाईंना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. मिस्टर बाहेर असतात, असं त्या सांगत. बाहेर म्हणजे आखाती देशात, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या घरात व्हिडिओ गेमचं काय करणार? मी म्हटलं, "बाई, कुकर तुम्ही घ्या, हे मला द्या." तर म्हणाल्या, "लागलं ते लागलं." मला वाटलं, कुणा भाच्याला देतील.

पुढं दोन-एक वर्षांनी नागदिवाळीला मी डब्यात नैवेद्याचे नागदिवे घेऊन संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. सिडकोत माझ्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. दाराशी पोचले आणि आतून सासूबाईंचा आवाज आला.

"मुद्दाम ढकललं तू मला खड्ड्यात."

मग बाईंचा आवाज, थंड. "तुम्ही मध्ये आलात, आत्या."

"मंग मेले ना मी. आता बस अंधारात."

माझ्या हातातला डबा सुटायचा राहिला. रोज गुळगुळीत भांग पाडून कामावर येणारी ही बाई घरी सासूला ढकलते? मी दार लोटलं. दोघी चटईवर मांडी घालून टीव्हीसमोर बसलेल्या. सत्तरीच्या आत्याबाईंनी पदर खोचलेला, चष्मा कपाळावर, दोन्ही हातांत खेळाचा बटणांचा रिमोट. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बस पोरी. हिनं मला मारलंय, मी आत्ता जित्ती होते."

खेळाचं नाव 'लॅम्प अँड पिक'. एका खाणीत दोन माणसं उतरतात. एकाच्या हातात दिवा, दुसऱ्याच्या हातात कुदळ. कुदळवाला वाट फोडतो, पण त्याला दिसत नाही. दिवेवाल्याला दिसतं, पण त्याला फोडता येत नाही. कुदळवाला फार पुढं गेला की पडदा काळा होतो. कुदळ बाईंकडे, दिवा आत्याबाईंकडे. रोज संध्याकाळी सहा ते सात. त्या तासात दोघी जेवढं भांडत, तेवढं उरलेल्या तेवीस तासांत बोलतही नसत.

"अगं, कुठं पळती? मी हितंच हाय मागं," असं आत्याबाई ओरडल्या की गल्लीला कळायचं, सहा वाजून गेले.

त्यांनी पहिला भाग संपवला, दुसरा संपवला. तिसरा यायचा होता, तर तो बनवणारी परदेशातली कंपनीच बंद पडली. तरी दोघी तेच दोन भाग उलटसुलट खेळत राहिल्या. दोन हजार दोनच्या थंडीत आत्याबाई न्यूमोनियानं गेल्या. बाई चार दिवसांनी कामावर आल्या, तोच भांग, तीच सही. सहा वाजता त्या घरातून आवाज यायचा बंद झाला. खेळाचं खोकं कपाटावर गेलं आणि मीही कधी विषय काढला नाही.

दोन हजार सातमध्ये कँटीनमध्ये इंग्रजी पेपरची पुरवणी चाळताना मला ते नाव दिसलं. एवढ्या वर्षांनी दुसऱ्या कुठल्या कंपनीनं ते विकत घेतलं होतं आणि नवा भाग येत होता. मी पान बाईंसमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि अख्खी दुपार आलेला माल न बघता सह्या केल्या. ते बघून मला जो धक्का बसला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

नव्या भागासाठी त्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. नोकरीत पहिल्यांदाच स्वतःहून रजा मागून घेतली. एम. जी. रोडवरच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत फक्त 'पिक' लिहिलेलं.

बाईंनी खोकं उलटं केलं, सुलटं केलं. "नावातला लॅम्प कुठं गेला?"

"छोटं केलंय मॅडम," दुकानदार म्हणाला. "स्टाइल असते हल्ली."

रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. पोहे केले होते, ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. खेळ सुरू झाला. अगदी खऱ्यासारखी खाण, छतातून ठिबकणारं पाणी. "बघ, पाणी बघ," बाई म्हणाल्या. लांबून दोघं चालत आले. कुदळवाला आता चांगला धिप्पाड, दंड फुगलेले. लॅम्पवाल्याला पांढरी दाढी. बाई पुढं सरकल्या. लॅम्पवाला मागं वळून काहीतरी इंग्रजीत बोलला, आणि वरून दरड कोसळली. दिवा घरंगळत आला आणि विझला.

कुदळवाल्यानं आरोळी ठोकली, कुदळ फेकून दिली आणि कमरेची बंदूक काढली.

पोह्यांवरचं लिंबू तसंच.

"थांब," बाई म्हणाल्या. "तीन जीव असतात. हा पहिला गेला."

कुदळवाला चालू लागला. त्याच्या टोपीलाच बॅटरी बसवलेली होती. तो जाईल तिथं लख्ख उजेड.

बाईंनी हात मांडीवर ठेवले. "टोपीला लाइट लावून दिलाय त्याच्या," त्या हळूच म्हणाल्या. "मग दुसऱ्याची गरज काय राहिली."

सोमवारी खोकं घेऊन आम्ही परत दुकानात. "माल अपुरा आहे," बाई म्हणाल्या. "ह्यात दोन माणसं असतात. एकच आलाय."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

"मॅडम, गेमच असा आहे. इंटरनेट घेतलं तर अमेरिकेतल्या माणसाशी खेळता येईल."

"अमेरिकेतला माणूस मला काय करायचाय?"

मला वाटलं, संपलं. पण नाही. पुढचे दोन महिने बाई रोज सहा वाजता तो खेळ खेळत होत्या. डबा खाताना मला हकिकत सांगायच्या. "काल चाळीस माणसं मारावी लागली. खाणीत एवढी माणसं आली कुठून? आणि सगळी मरायला आल्यासारखी पुढंच येतात." मी म्हटलं, "आवडत नाही तर बंद करा ना." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "पूर्ण बघितल्याशिवाय माल परत करता येत नाही."

एकदा जाऊन बघितलं तेव्हा कळलं त्या काय करतात ते. पुढं जायचा बाण दाखवला की त्या मागं जात. प्रत्येक दगडाआड, प्रत्येक बोगद्याच्या टोकाला. लॅम्पवाला कुठं अडकून पडलाय का, ते बघत होत्या.

शेवटच्या रविवारी मी तिथंच होते. खलनायक मेला, खाण उडाली, कुदळवाला सूर्यप्रकाशात एकटा बाहेर आला. पडद्यावर नावं सरकू लागली. शेकडो नावं. बाईंनी शेवटचं नाव जाईपर्यंत वाचली.

"एवढी माणसं," त्या म्हणाल्या. "एकालाही वाटलं नाही, त्याला ठेवावं म्हणून."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आत्याबाई असत्या तर शिव्या दिल्या असत्या."

बाई हसल्या. मग कॉम्प्युटर बंद केला आणि माझ्याकडे पाठ करून त्यावर कापड घालता घालता म्हणाल्या, "आमचे मिस्टर बाहेर नव्हते, सुरेखा. औरंगाबादला होते. तिथं दुसरं घर केलं होतं त्यांनी."

तेरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले होते.

"हौजीचं ते खोकं सहा महिने तसंच पडलं होतं. एका रविवारी हे गाडी घेऊन आले, आईला न्यायला. मोठा बंगला बांधला होता म्हणे. आत्या आतल्या खोलीत होत्या. मी त्यांची पिशवी भरायला घेतली. मी काय बोलणार? मुलगा त्यांचा. मला म्हणाल्या, 'पिशवी ठेव. ते खोकं काढ.' मला वाटलं नातवंडांना न्यायचंय. तर म्हणाल्या, 'टीव्हीला लाव.' लावलं कसंतरी, कागद वाचून. एक रिमोट माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि खाली बसल्या. हे खुर्चीवर, बूट घालूनच. म्हणाले, 'आई, चल, उशीर होतोय.'"

बाईंनी कापडाची घडी पुन्हा एकदा सरळ केली.

"त्यांना कुठलं बटण कशाचं तेही ठाऊक नव्हतं. सगळी एकदम दाबत होत्या. लॅम्पवाला एकाच जागी उड्या मारतोय. आणि ह्यांच्याकडे मान न वळवता म्हणाल्या, 'तू जा. माझा डाव चालू हाय.' तासभर बसले हे. चहा घेतला. मग उठले."

"मग?"

"फाटक वाजलं. गाडी गेली. मी म्हटलं, आत्या, गेले ते. तर म्हणाल्या, 'मंग? ह्याला पुढं कसं न्यायचं ते सांग.'"