आरसा कुठाय?

माझ्या गाडीत डाव्या सीटपुढच्या मॅटला भोक आहे. ते उषाताईंनी पाडलंय. सावेडीत तीस वर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकणारा उजवीकडे, ताई डावीकडे आणि त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक. त्यामुळे कुणाच्याही गाडीत बसल्या आणि समोर म्हैस दिसली, की त्यांचा पाय खाली आपटतो. रिक्षातही आपटतो.

मीही त्यांचाच विद्यार्थी. अजून पास झालेलो नाही, असं त्यांचं मत, कारण मी आरसा बघत नाही. 'आरसा!' हा शब्द त्या दिवसातून शंभरदा उच्चारतात. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मात्र गप्प. गाडीतून उतरतात, 'जा, एकटा चक्कर मारून ये' म्हणतात आणि शिकणारा परत येईपर्यंत भर उन्हात रस्त्याकडेला उभ्या राहतात. गाडीच्या काळजीनं, असंच आम्ही समजायचो.

तर ही बाई साठीला टेकली आणि एका सकाळी मला म्हणाली, "सोनईला सोड. हेलिकॉप्टर शिकतेय." स्कूलची गाडी खासगी कामाला काढायची नाही, हा त्यांचा नियम.

सोनईजवळ एक निवृत्त फौजी वैमानिक राहतात. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. संस्था वगैरे काही नाही. स्वतःचं दोन माणसांचं हेलिकॉप्टर आणि सपाट केलेलं पडीक रान. तिथंही शिकणारा उजवीकडे, गुरू डावीकडे. ताई आत बसल्या आणि पहिलाच प्रश्न, "आरसा कुठाय?" याला मागचा आरसा नसतो, असं कॅप्टन म्हणाले. मग याचं पासिंग केलं कुणी, असं ताईंनी विचारलं.

खरी पंचाईत पुढेच होती. सीटच्या डाव्या बाजूला हँडब्रेकसारखाच एक दांडा. तो ओढला की हेलिकॉप्टर वर जातं. आणि ताईंचा तीस वर्षांचा धडा काय? गाडी थांबली की हँडब्रेक ओढ. झालं. हेलिकॉप्टर सुरेख टेकवलं, दांडा ओढला आणि पुन्हा पुरुषभर वर! शेजारच्या रानातल्या कांद्याची सालं गावभर. तिथले आजोबा शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी येनार असला की आदी फोन करा. मी कांदा झाकून ठिवतो."

महिनाभर तेच. शेवटी कॅप्टननी अट घातली: टेकल्यावर सलग पाच वेळा दांडा हलला नाही, तरच एकटीला सोडीन. ताईंनी घरी खुर्चीला लाटणं बांधलं आणि सराव सुरू केला. त्या दिवसांत त्यांच्याकडे पोळ्या बंद होत्या.

आणि तो दिवस आला. पाच झाले. कॅप्टन उतरले, वाकून पात्यांखालून बाहेर आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. डावी सीट रिकामी. ताई वर गेल्या! उसावरून, शिंगणापूरच्या अंगाला वळसा घालून, ठिपक्याएवढ्या झाल्या. आजोबा कांदा उघडा टाकून वर बघत होते. ठिपका मोठा झाला, खाली आला, टेकला. आता दांडा. मी डोळेच मिटले.

हेलिकॉप्टर जागचं हललं नाही. मी आणि आजोबा तिथंच नाचलो.

पाती थांबल्यावर ताई उतरल्या आणि कॅप्टनना म्हणाल्या, "तुम्ही इथंच उभे होतात?"

"मग? तुम्ही वर असताना जाणार कुठं?"

परतीच्या वाटेवर म्हैस आडवी आली तरी ताईंचा पाय आपटला नाही, तेव्हा मला काळजी वाटली. मग त्याच म्हणाल्या, "हे गेले तेव्हा गाडी अंगणात पडून होती. पुस्तक वाचून एकटीच शिकले. पहिली चक्कर मारून परत आले, तर रस्त्यावर कुणीसुद्धा नव्हतं रे. कुणाला सांगायचं?"

त्यांना घराच्या फाटकाशी सोडलं आणि निघालो. वळणापाशी, कोण जाणे का, आरसा बघितला.

ताई फाटकाशी उभ्या होत्या. मी वळेपर्यंत.