पिवळ्या फाटकाची मोहीम

थोरामोठ्यांनी चित्त देऊन ऐकावे. शहराबाहेर, बस जेथे तोंड फिरविते तेथे, आमची वसाहत. पूर्वी येथे उजाड माळ होता आणि सशांचा अंमल. मग एक कंत्राटदार अवतरला आणि त्याने एकाच नकाशावरून सारी घरे उठविली, आणि एकच रंग स्वस्तात मिळाला म्हणून सर्व फाटके हिरवी केली, मग तोच मुलखाचा कायदा ठरला. रयत भली, परंतु दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्यात अव्वल.

ऐशा मुलखी निवृत्त कंपाउंडरकाका नांदत होते. त्यांच्या कुटुंबास, म्हणजे सर्वांच्या काकूंस, अलीकडे विसर पडू लागला. बाजारास जात आणि परतताना भलत्याच घरी शिरून भांडी घासू लागत. लोक हसत आणि काकू घरी येऊन रडत, हे काकांस बघवेना. मग एके सकाळी त्यांनी ब्रश उपसला, फाटक लिंबासारखे पिवळे केले आणि कुटुंबास पढविले की पिवळे ते आपले.

एकच हलकल्लोळ जाहला. वसाहतीचे सेक्रेटरी, मिजास तापट, यांनी फर्मान सोडिले की फाटक तत्काळ हिरवे व्हावे. मग शिंप्याच्या दुकानी खलबत जाहले आणि फौज डबे घेऊन चालून आली. काका फाटकास पाठ लावून उभे ठाकले. ओला रंग सदऱ्यास माखला तरी हटले नाहीत. इतक्यात काकूंची स्वारी पिशवीसह आली आणि थेट पिवळ्यापाशी थांबली.

“अहो, सरका की! घरात जाऊ द्या मला.”

सेक्रेटरी दोन पावले मागे सरले. फौजेने ब्रश म्यान केले आणि कित्येकांनी डोळे पुसले.

परंतु या रयतेची माया म्हणजे आगीतून फुफाट्यात. काकूंच्या मानाखातर सेक्रेटरींनी नवे फर्मान काढिले आणि रविवारी झाडून साऱ्यांनी आपापली फाटके पिवळी केली. सोमवारी काकू शिंप्याच्या घरी शेंगा सोलताना सापडल्या.

 काकांनी कपाळावर हात मारिला आणि आपले फाटक पुनश्च हिरवे केले. डबा खुद्द सेक्रेटरींनी धरिला. परंतु काकूंच्या मनी पिवळेच पक्के बसलेले. मग रयतेने नाक खुपसण्याची विद्या कामी आणिली. काकू गल्लीत शिरल्या की खिडकीखिडकीतून ललकारी उठे, “काकू, हिरवं! हिरवं ते तुमचं!”

“कळतं हो मला,” म्हणत काकू हिरव्यात शिरत.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आजही काकू घरी पोहोचल्या, हे येथे नमूद केले असे.