कोतवाल चोराला जाऊ देत नाही

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते. कुत्र्यांतलं मला जितकं कळतं, तितकं अख्ख्या रामदासपेठेत कोणाला कळत नाही! इथली कुत्री स्वेटर घालतात आणि फटाका वाजला की पलंगाखाली शिरतात. माझं माहेर कळमेश्वरच्या पलीकडचं. बाबांच्या मळ्यात संत्र्यांची झाडं, शेळ्यांचा मोठा कळप आणि तो राखायला कुत्री. मातकट रंग, काळं तोंड, दाराच्या फळीसारखी रुंद छाती. जातीला धड नाव नव्हतं. आजूबाजूच्या गावांत 'धोंडबाची कुत्री' एवढंच म्हणायचे. धोंडबा म्हणजे माझे बाबा.

बाबांनी रूप बघून कधी कुत्रं ठेवलं नाही. वर्षाचं झालं की त्याची परीक्षा! परगावचा माणूस घोंगडी पांघरून शेळ्यांच्या वाड्यात शिरायचा आणि तुपाची भाकरी पुढे टाकायचा. कुत्र्याने भाकरीला तोंड लावायचं नाही, माणसाला चावायचं नाही आणि माणूस नि शेळ्या यांच्या मधून हलायचं नाही. पास होईल त्याचीच पुढे वीण. नापास झालेली कुत्री बाबा शहरातल्या नातेवाइकांना भेट द्यायचे. लग्न होऊन मी नागपुरात आले, तेव्हा आम्हाला अशा बऱ्याच भेटी मिळाल्या!

पुढे बाबा गेले, मग मळा गेला, मग भाऊही गेला. भावाकडचं शेवटचं पिल्लू माझ्याकडे आलं. तोच हा कोतवाल. आमचे हे गेल्यापासून घरात आवाज करणारे दोघंच उरलेत. एक कोतवाल आणि दुसरा फ्रीज.

एक दिवस डॉक्टर प्रीतीचा फोन आला. ही जनावरांची डॉक्टर. आमच्या भागातली ही राखणीची कुत्री टिकावीत म्हणून तिने चारचौघांचं एक मंडळ काढलं आहे.

"आजी, धोंडबांच्या कुत्र्यांतल्या माद्या सापडल्या. नर मात्र तुमचा एकच उरला आहे. पण नुसतं रूप बघून चालायचं नाही. काम येतं का, ते बघावं लागेल."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर ही जात इथेच संपली, आजी."

"अगं, धोंडबाच्या घरचा आहे तो!" मी हसले. "नापास झालाच, तर तुझे परीक्षक होतील!"

फोन ठेवला आणि म्हटलं, घरी जरा तालीम घ्यावी. शेळ्या नव्हत्या, म्हणून सोफ्यावर तीन तक्के मांडले. कोतवालला समोर बसवलं. तेवढ्यात गॅसवाला आला. कोतवालने शेपटीने दोन कप पाडले आणि त्याला थेट सोफ्यापर्यंत नेऊन बसवलं! म्हटलं, ओळखीचा आहे, चालायचंच. दुसऱ्या दिवशी नवा कुरिअरवाला आला. त्याचंही तेच स्वागत. म्हटलं, बिचारा चेहऱ्यावरून चोर वाटतच नाही, त्यात कुत्र्याची काय चूक? मीटर बघणाऱ्याच्या वेळेला मी त्याला डोक्यावरून चादर घ्यायला लावली. कोतवालने चादरीत शिरून त्याचं तोंड चाटलं. म्हटलं, चादर आपली आहे, वास ओळखला असणार. हुशार जात!

परीक्षेच्या दिवशी प्रीतीने गाडी पाठवली. कळमेश्वरच्या पुढे चंद्रभानचा शेळ्यांचा वाडा आहे. भोवती काट्यांचं कुंपण, आत-बाहेर जायला एकच फाटक. चोर झाले होते मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी. बँकेतून निवृत्त झालेला भारदस्त माणूस. घोंगडी पांघरल्यावर ते चोरापेक्षा झाकून ठेवलेल्या स्कूटरसारखे दिसत होते.

कोतवालला शेळ्यांत सोडलं. मी कुंपणाबाहेर खुर्चीवर बसले. प्रीतीने शिट्टी वाजवली. भैय्याजी दबकत दबकत फाटकातून आत शिरले.

कोतवाल उठला. काय ती छाती! काय ती चाल! मला बाबांची आठवण आली. आणि कोतवालने जाऊन भैय्याजींच्या खांद्यांवर दोन्ही पाय ठेवले, त्यांचा चष्मा चाटून स्वच्छ केला आणि घोंगडीचं टोक दातांत धरून, अगदी अदबीने, त्यांना शेळ्यांपर्यंत नेलं!

"अवं यमुताई!" घोंगडीतून आवाज आला. "हा तं मले पाहुण्यासारखा घेऊन जाऊन राहिला!"

प्रीतीने कागदावर काहीतरी खोडलं. शेवटचा नर, आणि चोराला वाट दाखवतो!

भैय्याजींनी ठरल्याप्रमाणे एक करडू उचललं आणि फाटकाकडे निघाले. आणि तेव्हा कोतवाल धावला! फाटकात आडवा झाला आणि शिळेसारखा तिथेच बसला. भैय्याजी डावीकडून गेले, कोतवाल डावीकडे. भैय्याजी उजवीकडून, कोतवाल उजवीकडे.

"वा!" प्रीती टाळ्या वाजवत आत धावली. "आजी, चोराला आत घेऊन कोंडलं त्याने! असं तर मी कुठे वाचलंसुद्धा नाही!"

"बघ!" मी खुर्चीतून उठलेच. "सांगितलं नव्हतं? धोंडबाच्या घरचा आहे!"

भैय्याजींनी करडू खाली ठेवलं. चोरी संपली. पण कोतवाल फाटकातून हलेना.

"आता सोड न बे! करडू तं देल्लं परत!"

वाड्यातच शेळ्यांपाशी उभा असलेला चंद्रभान त्यांच्यासाठी पाणी आणायला निघाला. कोतवालने त्यालाही अडवलं. "काहून बा? मी तं मालक हाय!" प्रीती फोन आला म्हणून बाहेर पडायला गेली. तिलाही अडवलं. चंद्रभानने तुपाची भाकरी दाखवली. कोतवालने तिकडे बघितलंसुद्धा नाही. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसता शांतपणे बसून तिघांकडे प्रेमाने बघत होता.

ऊन चढत गेलं. एका शेळीने भैय्याजींची घोंगडी खायला घेतली.

"डॉक्टर मॅडम," चंद्रभान कळवळून म्हणाला, "कुत्रं पास झालं का नापास, ते मागून सांगा. आंधी मले बाहीर काढा!"

प्रीती कुंपणापाशी आली. "आजी, घरी कोण कोण असतं?"

"मी आणि कोतवाल."

"येणंजाणं?"

"पुष्कळ! गॅसवाला, कुरिअरवाला, मीटरवाला, औषधाच्या दुकानातला माणूस..."

"मी पाहुण्यांचं विचारते आहे, आजी."

"मग तेच की! चहा पितात. सांबारवडी केली असली तर तीही खातात. आता, लगेच उठतात, हा एक दोष आहे. पण कोतवाल बरोबर दारात जाऊन बसतो. मग काय, हसतात आणि आणखी अर्धा कप घेतात."

बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. भैय्याजींनी घोंगडी ओढायचं सोडलं. शेळी तेवढी घोंगडी खात होती.

"मग ते जातात कसे?" प्रीतीने हळूच विचारलं.

मी फाटकापाशी गेले. भैय्याजींकडे बघून म्हटलं, "बरं, पुन्हा या हं."

कोतवाल उठला आणि बाजूला झाला. भैय्याजी बाहेर पडले. तो परत जाऊन बसला. मग मी चंद्रभानला म्हटलं, "पुन्हा या हं." मग प्रीतीला. प्रत्येकाला वेगळं म्हणावं लागलं. सगळ्यांना मिळून म्हटलेलं त्याला चालत नाही.

कोतवालला घेऊन गाडीकडे निघाले. मी मनात बाबांना तोंड दाखवायचं टाळत होते. इतकी वर्षं पारखून राखलेली जात, आणि मी चहा पाजून पाजून बुडवली!

पण प्रीतीचं डोकं थंड. "आजी, तो चावला नाही, भाकरीला भुलला नाही, जागचा हलला नाही. रक्तातलं सगळं जागेवर आहे. फक्त नेमून दिलेलं काम चुकीचं. पिल्लं डोळे उघडल्यापासून शेळ्यांत वाढवू, मग त्यांची परीक्षा घेऊ. वीण कोतवालचीच."

मी तिचे हात धरले. "पिल्लं झाली की लगेच सांग. मी मेथीचे लाडू घेऊन येते, चंद्रभानकडे दोन दिवस राहीन, पिल्लांना..."

"आजी," प्रीती ओशाळून म्हणाली, "एक अट आहे. पिल्लांना तुम्ही अजिबात भेटायचं नाही."

पिल्लं झाली. फोटो आले. त्यातली एक मादी अगदी बाबांच्या कुत्र्यांसारखी, काळ्या तोंडाची. मी फोन मोठा करून करून बघितला. गेले नाही. शब्द म्हणजे शब्द.

वर्षभराने प्रीतीचा फोन. "आजी, काळ्या तोंडाचीची उद्या परीक्षा! पण चोर मिळत नाही. भैय्याजींना ती ओळखते, चंद्रभानचं सगळं गाव ओळखते, आम्ही सगळे तर रोजचेच. मग एकदम लक्षात आलं, हिने कधी न पाहिलेलं माणूस एकच आहे."

गेले. पंचाहत्तरी उलटलेली मी घोंगडी पांघरून, हातात तुपाची भाकरी घेऊन वाड्यात शिरले. काळ्या तोंडाची उठली. शेळ्यांच्या पुढे येऊन, चारी पाय रोवून, माझ्यावर असं काही भुंकली की झाडावरचे बगळे उडाले! मी भाकरी टाकली. तिने बघितलं नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं. तिने दात दाखवले, पण चावली नाही. तश्शीच! बाबांच्या वेळेला होती तश्शीच!

"अगं, मी यमू," मी घोंगडीतून हळूच म्हटलं. "तू ज्यांची ना, त्या धोंडबांची मुलगी मी."

ती आणखी जोराने भुंकली.

"आजी, माघारी फिरा!" चंद्रभान ओरडला. "नाहीतं धरन ते!"

मी पाठीपाठीने बाहेर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भैय्याजींनी पेढे वाटले. पैकीच्या पैकी गुण! मी डोळे पुसले, तर सगळ्यांना वाटलं आनंदाने. होताच आनंद. खोटं कशाला बोलू?

गाडीत बसवताना प्रीती म्हणाली, "आजी, तुमच्यासारखा चोर मिळायचा नाही. आता दर वर्षी नव्या पिल्लांच्या परीक्षेला तुम्हीच. फक्त तोवर इकडे फिरकू नका हं. त्यांना तुमची ओळख होता कामा नये."

तर अशा रीतीने या वयात मला मंडळात पद मिळालं आहे, कायमस्वरूपी अनोळखी. मानधन नाही. पण न्यायला आणि सोडायला गाडी येते, वर्षातून एकदा.