घंटेच्या चिपचे खात्रीप्रकरण

कोणतेही काम करण्याआधी ते खरेच करायचे आहे का, असे विचारणारा माणूस आपल्याकडे कोणत्याही कचेरीत नेमलेला नसतो. म्हणूनच देशाची प्रगती अखंड चालू आहे. १९८८ साली साकोलीजवळच्या एका विद्यालयात ती साडेचार महिने थांबली, कारण हा प्रश्न तिथे यंत्राने विचारला.

विद्यालयाला विजेची घंटा मिळाली होती. पेटीत झुरळाएवढी चिप बसवायची आणि केव्हा वाजायचे ते चिपने लक्षात ठेवायचे, अशी योजना. आजवर हे काम शकुबाई करत असे. रेल्वेच्या रुळाच्या टांगलेल्या तुकड्यावर तिने बावीस वर्षांत दोन लाख नव्वद हजार चारशे टोले दिले होते (मधल्या सुट्टीला एक टोला ती खुशीने जास्त द्यायची, तो यात धरलेला नाही). चिप वाजू लागली की शकुबाईला घरी पाठवावे, असा ठराव शाळा समितीत एकमताने झाला. तिची मुलगी धुरपता तिथेच दहावीत होती. अक्षर चांगले म्हणून ठराव सूचनाफळ्यावर लिहायचा मान तिलाच मिळाला.

चिपमध्ये लिहिण्याची रीत सोपी आहे. संगणकाला जोडलेल्या खाचेत चिप खोचायची आणि काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करायचा: कोरी आहे का बघ, मग लिही, मग लिहिलेले ताडून बघ. टायपिंग शाळेत फक्त धुरपताला येत होते, तेही साकोलीच्या क्लासात दोन महिन्यांपुरते.

पहिल्या हुकमाला चिप कोरी निघाली. लिपिक टिकारामने लगेच कोरी असल्याचा दाखला तीन प्रतींत केला. दुसऱ्या हुकमाला पडद्याने विचारले: लिहिलेले सहज पुसता येणार नाही. खात्री आहे का? वाय की एन? (म्हणजे हो की नाही?)

"आता विचारून कायले राहिलं हे?" मुख्याध्यापक केशवराव म्हणाले. "सांगितलं न त्याले लिही म्हणून."

"सर, खात्री मागते थे," टिकाराम म्हणाला.

"मंग दे न तू."

"मी कारकून माणूस. प्रत खरी आहे एवढं मले लिवता येते. खात्री नाई देता येत."

केशवरावांनी नियमावली पाहिली. मुख्याध्यापकाला शिफारस करता येते, अग्रेषित करता येते, अवलोकन करता येते; खात्री कुठेच नव्हती. संस्थेचे अध्यक्ष भैय्यालाल यांची राइस मिल होती. ते म्हणाले, "तीस वर्षं धान भरडून राहिलो, तांदळाचीबी खात्री कोणाले दिली नाई. चिपची कुठून देऊ?"

फाईल भंडाऱ्याला जिल्हा कचेरीत गेली. खात्री तात्पुरती हवी की कायम, अशी विचारणा होऊन ती परत आली. दरम्यान वीज एकशे बारा वेळा गेली. प्रत्येक वेळी धुरपताला भूमितीच्या तासातून बोलावून यंत्राकडून तोच प्रश्न पुन्हा विचारून घेण्यात आला, म्हणजे तो रीतसर प्रलंबित राहील.

शेवटी तोड भैय्यालालांनीच काढली. "ही पोरगी सोळाची. नाबालिग. चुकलं तं कोणावरच येत नाई."

उद्घाटनाच्या सकाळी सगळी समिती संगणकासमोर जमली आणि साक्षीदार होऊ नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. धुरपताला लेखी आदेश होता: विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे. तिने प्रश्न वाचला (साडेचार महिन्यांत तो पूर्ण वाचणारी ती पहिलीच). खिडकीतून माय दिसत होती, पाहुण्यांच्या खुर्च्या पुसताना. खात्री आहे का? धुरपताने मनाशी विचार केला. नव्हती. तिने एन दाबले.

पडद्यावर आले: रद्द.

"झालं का वो पोरी?" भिंत म्हणाली.

"झालं, सर."

ताडून बघायचे काम टिकारामकडे होते. चिप कोरी होती आणि फायलीत चिप कोरी असल्याचा दाखला होता. दोन्ही तंतोतंत जुळले. त्याने सही केली.

दहा चाळीसला पाहुण्यांनी बटण दाबले. पेटी गप्प. पण दहा चाळीस झाले होते, आणि शाळेच्या मागून टण टण टण सुरू झाले.

"वा," पाहुणे म्हणाले, "आवाज तं अगदी जुन्या घंटेसारखाच काढते हो तुमचं यंत्र."

टाळ्या चालू असताना केशवराव मागे धावले.

"शकुबाई, हे काय?"

"टैम झाला न, सर."

केशवरावांनी थोडा विचार केला. खरे सांगावे तर फाईल उघडावी लागेल, आणि पुन्हा खात्री. त्यांनी तिथेच उभ्याने टिपण लिहिले: यंत्राच्या देखभालीसाठी एक अनुभवी व्यक्ती कायम ठेवणे अत्यावश्यक.

पेटी आजही मुख्याध्यापकांच्या खोलीत लाल दिव्यासह शोभते. अहवालानुसार ती एकदाही चुकलेली नाही, वीज नसतानाही वाजते, आणि मधल्या सुट्टीला स्वतःच्या बुद्धीने एक टोला जास्त देते. आणखी सतरा शाळांनी तशीच पेटी मागवली आहे.

तुमच्याही गावात हल्ली काहीतरी आपोआप चालत असेलच. त्यामागे एकदा डोकावून बघायची इच्छा आहे का? वाय की एन?

(वाचक सज्ञान असल्यास त्याने भिंतीकडे तोंड करून उभे राहावे.)