गाठोड्यात काय होतं?

तुम्ही काशीहून परत या, नाहीतर नुसते इथल्या जवळच्या कापूरहोळहून. मळेकर सर तुम्हाला एकच विचारणार, "ते राहू द्या हो. निघताना गाठोड्यात काय बांधलं होतं?"

भोरच्या हायस्कुलात आम्ही शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवायचो. मी उत्रोलीचा, घरातला पहिला बी. ए., आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगतो. सर हिर्डोशीचे, पंचेचाळिशीतले, एकटे. 'जगाच्या वाङ्मयातला प्रवास' या विषयावर ते प्रबंध लिहीत होते. पदवी मिळाली की पुण्याच्या एका कॉलेजात त्यांची जागा ठरलेली होती. खोलीत रशियन, जपानी, अरबी गोष्टींची इंग्रजी भाषांतरं पार कौलांपर्यंत रचलेली. वाचता वाचता ते खिडकीतून वरंध्याकडच्या डोंगरांकडे बघत बसायचे आणि समोरच्या चहावर साय धरायची.

जगातल्या सगळ्या लेखकांवर त्यांचा राग होता. "खलाशी निघतो, शिपाई निघतो, व्यापारी उंट घेऊन निघतो. वादळाला चार पानं. आणि पहाटे उठून भाकरी कुणी थापली, तिला अर्धी ओळ नाही. असं कसं हो?"

पुस्तकांत सापडेना म्हणून ते एसटीत शोधायचे. शेजारच्या बाईला आदबीनं विचारायचे, "बाई, फडक्यात काय हो?" कंडक्टर वैतागायचा. "सर, आधी तिकीट काढा, भाकऱ्या मंग तपासा." एकदा हेडमास्तर महाबळेश्वरचा सूर्यास्त रंगवून सांगत होते. सरांनी मध्येच आपला तो प्रश्न टाकला. हेडमास्तर म्हणाले, "बिस्किटं." सर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. माझ्या आईला वेगळीच शंका. "तुजा सर उपाशी ऱ्हातो का रं? सारखं लोकांच्या भाकरीवर ध्यान."

प्रबंध पुरा झाला तेव्हा गाइडनी पुण्याला बोलावलं. मी सोबत गेलो. सर बाहेर आले ते रुमालानं चष्मा पुसतच.

"बाकी सगळं पसंत आहे. शिदोरीचं प्रकरण तेवढं काढा म्हणतात. हे वाङ्मय नव्हे, स्वयंपाक आहे म्हणे. काढलं तर पदवी मिळाल्यात जमा."

"मग काढा की," मी म्हणालो. मला वाटतं ते मी बोलून टाकतो. "एका प्रकरणापायी पुण्याची जागा घालवताय होय?"

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले. कात्रजचा घाट मागं पडला, शिवरे आलं. उन्हं कलली होती आणि पिवळ्या पडलेल्या भातावर धुरासारखं काहीतरी तरंगत होतं. बाहेर बघतच ते बोलू लागले.

"शाळेसाठी भोरला निघालो तेव्हा आईनं फडक्यात बांधून दिलं होतं. मामाबरोबर चालत आलो. एका ओढ्यावर बसून खाल्लं. त्याच पावसाळ्यात आई गेली. फडक्याची गाठ आठवते, ओढ्याचं पाणी आठवतं. आत काय होतं तेवढं आठवत नाही. म्हटलं, एवढ्या जगात कुणीतरी लिहिलं असेल. ते वाचलं की आठवेल."

बी. ए.ला शिकलेलं इथं कामाचं नव्हतं. मग घरचं ठाऊक होतं तेच बोललो.

"शाळा जूनला उघडते, सर. तोवर आपल्याकडं तांदूळ सरत आलेला असतो. नाचणीचीच भाकरी असणार."

"नाचणीची," सर हळूच म्हणाले. "आणि वर?"

"लसणाचं तिखट. नाहीतर नुसता कांदा."

"तिखटच. हात धुतला ओढ्यात, तरी डोळ्याला लागून झोंबला होता."

मी म्हणालो, "प्रकरण काढू नका, सर." त्यांनी मान डोलावली. पुण्याची जागा आता जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

सरांनी डोळे मिटले. त्यांचा जबडा सावकाश हलत होता. भोरचं स्टँड आलं, माणसं उतरली, गाडी रिकामी झाली. मी उठलो नाही. त्यांचं जेवण व्हायचं होतं.