स्थानिक कारागीर

सदूकाकांना पाणी द्यायचं तर आधी टॉवेल जवळ ठेवावा. ते गडवा तोंडाला लावत नाहीत. तो फिरवून, तिरपा करून त्यावरचं नाव वाचतात. तोवर निम्मं पाणी यजमानाच्या मांडीवर सांडलेलं असतं.

भंडाऱ्याच्या भांडेबाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसून, छन्नी-हातोडीनं पितळेवर नावं घालण्यात त्यांचा जन्म गेला. "बिननावाचं भांडं लावारिस," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एका लग्नात आहेराचा गडवा हातात घेऊन ते भर मांडवात ओरडले, "कमळाबाईचा गडवा तुमच्याकडं कसा आला जी? नाव घासलं, पन माहा 'ळ' रायलाच!" आहेर करणाऱ्या मावशी आठवडाभर घराबाहेर पडल्या नाहीत.

मी संग्रहालयात संशोधक, तीही कंत्राटी. भांड्यांवरच्या नावांचं प्रदर्शन गाजलं तर नोकरी पक्की होणार होती. जुन्या नोंदी कुठेच नव्हत्या, काका होते. वर्षभर ते एकेक गडवा फिरवून सांगत आणि मी लिहून घेई: गाव कुठलं, बारसं कुणाचं, कुठली लेक सासरी गेली.

प्रदर्शनाच्या पाटीवर मी 'संशोधन' या शब्दापुढे माझं नाव टाकलं, पदवीसकट. खाली बारीक अक्षरांत, 'माहिती: स्थानिक कारागीर'. असं लिही म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं.

उद्घाटनाला काका इस्त्रीचा सदरा घालून आले. बोट ठेवून त्यांनी पाटी वाचली.

"स्थानिक कारागीर म्हंजे मीच न व?"

"हो काका," म्हणत मी स्वच्छ असलेली काच पुसायला लागले.

प्रदर्शन गाजलं, नोकरी पक्की झाली. त्याच आठवड्यात काका नवा कोरा गडवा घेऊन घरी आले. मी तो त्यांच्यासारखाच फिरवून वाचला: 'चि. माधुरीस, स्थानिक कारागिराकडून सप्रेम भेट.'

लाजेनं माझे कान तापले. "काका, टोमणा मारताय ना?"

"टोमना कायले मारन व? जनमभर लोकायचीच नावं घातली मी. मले कोनी कुठं लिवलं नवतं. तू पयल्यांदा लिवलं."

पाटी आजच बदलायची म्हणून मी पेन उचललं आणि तिथेच थांबले. वर्षभरात मी त्यांचं पूर्ण नावसुद्धा विचारलं नव्हतं.

"काका, तुमचं पूर्ण नाव काय हो?"

त्यांनी सवयीनं खिशातली छन्नी चाचपली.

"कायले? कोनत्या भांड्यावर घालाचं हाय?"